डाव्या हाताची रोवणी

सावरटोलीच्या शाळेचे नाकाडे गुरुजी खोटं कधी बोलत नसत. लिहीत मात्र असत, आणि तेही वर्षातून एकदाच, मार्च महिन्यात.

त्याचं असं झालं होतं. इंग्रजांच्या अमदानीत कसल्याशा ग्रामसुधार मोहिमेत एक साहेब शाळेत सिनेमाचं यंत्र ठेवून गेला होता. हातानं फिरवायचं, मुका सिनेमा दाखवणारं यंत्र. मोहीम संपली, साहेब आपल्या देशाला गेला आणि यंत्र लाकडी पेटीत राहिलं. पेटीवर नकाशांच्या गुंडाळ्या आल्या, गुंडाळ्यांवर गणपतीचं मखर आलं, मखरावर शाळेचा तुटका फळा आला. दर मार्चला वरच्या कचेरीतून विचारणा येई की यंत्राची स्थिती काय. आता ते सगळं उतरवून पेटी उघडायची म्हणजे अर्धा दिवस जाणार. गुरुजी पेटीकडे एकदा मायेनं बघत आणि लिहून टाकत, ‘यंत्र चालू स्थितीत आहे.’ खाली सही. अशी नऊ वर्षं गेली. नवव्या वर्षी तर त्यांनी आपल्या मनानं ‘उत्तम’ हा शब्दही जोडला होता.

पंचावन्न सालच्या वैशाखात कचेरीतून लिफाफा आला. सरकारनं भाताची जपानी पद्धत काढली होती. दोरी धरून ओळीनं रोवणी करायची, एका जागी दोन-तीनच पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपं, लावायची, मग भात दुप्पट. याचा सिनेमाही सरकारनं काढला होता. ‘आपल्याकडील यंत्र उत्तम चालू स्थितीत असल्याने आपले गाव निवडण्यात आले आहे,’ असं कागदात होतं. त्याच्या खाली बारीक अक्षरात होतं, ‘खेळ न झाल्यास मागील नऊ दाखल्यांबाबत मुख्याध्यापकांनी समक्ष खुलासा करावा.’

गुरुजींनी कागद तीनदा वाचला आणि बायकोकडे, देवकाबाईंकडे, पाणी मागितलं. नऊ दाखले, नऊ सह्या. तेवीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या नावावर एक ठपका नव्हता. पोरांना ते रोज सकाळी खरं बोलण्याचं महत्त्व सांगत, आणि इतक्या मनापासून सांगत की कधी कधी त्यांचे डोळे भरून येत. आता हेडमास्तरकी गेली तर गेली, पण गावात तोंड कसं दाखवायचं, याच एका विचारानं त्यांना दोन दिवस भात गोड लागला नाही.

पेटी उघडली. यंत्र खरोखरच चालत होतं. दांडा फिरवला की चाकं फिरत, चाकांबरोबर दाते फिरत. गुरुजींना इतकं हायसं वाटलं की त्यांनी यंत्राला हात जोडले. आपण नऊ वर्षं नकळत खरंच लिहीत होतो, हे त्यांनी देवकाबाईंना दोनदा सांगितलं. मग वडशाच्या स्टेशनावर आलेला रिळांचा डबा बैलगाडीनं आणला, फीत यंत्रात घातली आणि दांडा फिरवला. तीन फेऱ्यांत टर्रर्र आवाज झाला आणि हातभर फीत काठाला फाटली.

गुरुजींनी फीत उजेडात धरली तेव्हा खरा घोटाळा कळला. जुन्या यंत्राला दोन्ही बाजूंनी दाते होते, कारण जुन्या फितीला दोन्ही काठांना भोकं असत. ही फीत होती नव्या बोलक्या सिनेमाची. तिच्या एका काठाला भोकं होती आणि दुसऱ्या काठाला भोकांच्या जागी आवाजाची नुसती रेघ. त्या बाजूचे दाते कोऱ्या काठात घुसत होते. फीत चांगली होती, यंत्र चांगलं होतं, फक्त दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. अशी लग्नं गुरुजींनी गावात बरीच पाहिली होती, पण तिथं कचेरी खुलासा मागत नसे.

त्यांनी कचेरीला लिहिलं. आठ दिवसांनी उत्तर आलं की फीत नवी आहे, यंत्र उत्तम आहे, सबब अडचण उद्भवत नाही. त्यांनी पुन्हा लिहिलं की अडचण उद्भवली आहे, फाटलेला तुकडा सोबत जोडला आहे. त्यावर उत्तर आलं की तुकडा मिळाला, उरलेल्या फितीची पोच द्यावी. तिसरं पत्र लिहायला बसलेल्या गुरुजींच्या हातातून देवकाबाईंनी टाक काढून घेतला.

गावात गोष्ट लपत नाही. संध्याकाळी शाळेच्या ओसरीवर सल्लागार जमले. डोमाजी पाटलांचं म्हणणं होतं की चांभाराकडून आरीनं दुसऱ्या काठालाही भोकं पाडून घ्यावीत. फितीत अशी किती भोकं लागतील याचा गुरुजींनी हिशेब केला आणि तो लाखाच्या घरात जाताच पाटील म्हणाले की मग दोन चांभार लावावेत. दंडारीच्या नाटकात राजाचं सोंग घेणारा लटारू म्हणाला की सिनेमा राहू द्या, मी एकटा जपान करून दाखवतो, फक्त मुकुट नवा पाहिजे. कुणी म्हणालं एरंडेल सोडा, कुणी म्हणालं फीत रात्रभर ताकात ठेवा. गुरुजी सगळ्यांना ‘बरं, बरं’ म्हणत राहिले. शिकलेल्या माणसाला न शिकलेले लोक सल्ला देत असतात तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो, हे त्या दिवशी पाहायला मिळालं.

तोड काढली ती देवकाबाईंनी. त्या चौथीपर्यंत शिकल्या होत्या आणि घरात बिघडलेलं सगळं दुरुस्त करत. त्या म्हणाल्या, “फीत बदलता येत नाई तं यंत्र बदला. एका बाजूचे दाते घासून काढा. मंग ते कोऱ्या काठाले लागनारच नाई.”

हे आपल्याला आधी सुचलं होतं असं गुरुजी नंतर कितीतरी वर्षं सांगत, आणि देवकाबाई तेव्हा भाजी निवडत असत.

दाते घासायचं काम दसरू लोहाराकडे गेलं. गुरुजींनी फीत लावून नीट खात्री केली, ज्या बाजूचे दाते जायला हवेत त्या बाजूला खडूनं ठळक फुली मारली, दसरूला फुली दोनदा दाखवली आणि घरी जाऊन निवांत झोपले. दसरूची मात्र एक रीत होती. त्याचा बाप तसं करी आणि बापाचा बापही. कुठलंही परकं लोखंड भात्याजवळ आलं की आधी ते चिंच आणि राखेनं घासून लख्ख करायचं, हळदीचं बोट लावायचं आणि मगच त्याला कानस लावायची. सरकारी यंत्र म्हणून त्यानं त्या दिवशी चिंच दुप्पट घेतली. यंत्र असं चकाकलं की दसरूला आपलं तोंड त्यात दिसायला लागलं. फुली अर्थातच गेली. दुपारच्या वेळी गुरुजींना झोपेतून उठवणं दसरूला बरं वाटेना. दोन बाजू, त्यातली एक घासायची, त्यात एवढं विचारायचं काय. त्यानं एक बाजू मन लावून इतकी गुळगुळीत केली की तिथं कधी दाते होते हे कुणी ओळखलं नसतं.

संध्याकाळी गुरुजींनी यंत्र पाहिलं आणि ते अंगणातल्या खाटेवर बसले. राहायला हवी होती तीच बाजू गेली होती. घासलेले दाते परत लावता येतात का, असं त्यांनी बारीक आवाजात विचारलं. दसरू म्हणाला, “मानसाचे नाई येत जी, हे तं लोखंड व्हय.” पण गुरुजींचा चेहरा पाहून त्यालाही वाईट वाटलं. त्यानं फीत हातात घेतली, इकडून पाहिली, तिकडून पाहिली आणि शांतपणे म्हणाला, “गुरुजी, फीत पलटी करून घाला ना. पोळी तव्यावर पलटवते तशी. भोकं इकडं येऊन जातीन.”

गुरुजींनी फीत पलटी करून घातली. भोकं बरोबर उरलेल्या दात्यांवर आली, दांडा फिरला, फीत सुळसुळत पुढं गेली, एक भोकही फाटलं नाही. गुरुजींनी दसरूला मिठी मारायचंच बाकी ठेवलं. फक्त चित्र पडद्यावर पाडून बघायचं राहिलं. यंत्रातल्या दिव्याला मोटारीची बॅटरी लागे, आणि ती लाकडाच्या ठेकेदाराच्या ट्रकमधून खेळाच्या दिवशी संध्याकाळीच मिळणार होती.

खेळाच्या दिवशी दिवेलागणीलाच सारं गाव शाळेच्या आवारात आलं. दोन बांबूंमध्ये गुरुजींचं नवं धोतर ताणून पडदा केला होता. समोर पुरुष इतके दाटीनं बसले की पाय ठेवायला जागा उरली नाही. दंडारीला बाया नेहमी सर्वांच्या मागे बसत आणि त्यांना पागोट्यांशिवाय काही दिसत नसे. सुगंधाबाई नावाची गावची म्हातारी, जिच्या हाताखाली अर्ध्या गावाच्या बाया रोवणी शिकल्या होत्या, ती म्हणाली की आज हे चालायचं नाही. ती सगळ्या बायांना घेऊन पडद्याच्या पलीकडे जाऊन बसली. धोतर पातळ होतं, चित्र तिकडंही स्पष्ट उमटणार होतं. देवकाबाईही तिकडंच गेल्या.

गुरुजींनी दांडा फिरवायला घेतला आणि पडद्यावर अक्षरं आली. ती गुरुजींना वाचता येईनात. नागरी असावीत असं वाटे, पण कान्याच्या जागी भलतंच, वेलांट्या भलत्याच बाजूला. फीत पलटी घातल्यानं सगळं आरशातल्यासारखं उलटं झालं होतं. हे त्यांच्या लक्षात आलं. एवढ्यात डोमाजी पाटील मोठ्यानं म्हणाले, “हे जपानी अक्षर व्हय. का व्हय ना, गुरुजी?”

सगळ्या पुरुषांनी माना वळवून गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी दांडा फिरवत राहिले. ते ‘हो’ म्हणाले नाहीत, ‘नाही’ म्हणाले नाहीत, फक्त थोडे खोकले. खोटं बोलायचं नाही हा नेम त्यांनी याही संकटात मोडला नाही.

यंत्र मुकं असल्यानं आवाजाचं काम लटारूला दिलं होतं. पडद्यावर टोपी घातलेला एक शेतकरी चिखलात उतरला, दोरी लावली आणि वाकून रोवणी करू लागला. लटारूनं त्याला जपानच्या राजाचा मेहुणा ठरवलं, बहिणीशी भांडून तो शेतावर आला असं सांगितलं आणि मध्ये मध्ये गाणीही म्हटली. लोक खूष होते. पण थोड्या वेळानं पुढच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. राजाचा मेहुणा सगळं डाव्या हातानं करत होता. पऱ्हे डाव्या हातानं रोवत होता, विळा डाव्या हातानं धरत होता, आणि शेवटी बांधावर बसून भाकरी खाल्ली तीही डाव्या हातानं. पाटलांनी आपले दोन्ही हात पुढं धरून पाहिले. मग शेजाऱ्याला म्हणाले, “म्हनूनच भात दुप्पट. डाव्या हाताची पद्धत व्हय हे.”

खेळ रंगला. खेळ संपता संपता पोचलेल्या कचेरीच्या माणसानं ‘खेळ यशस्वी’ असं लिहून नेलं. रात्री जेवताना देवकाबाई म्हणाल्या की अक्षरं किती ठसठशीत होती, सगळ्या बायांना वाचून दाखवली, दोन रोपांत किती बोटं अंतर ठेवायचं तेही. गुरुजींचा घास हातातच राहिला. पलीकडच्या बाजूनं उलट्याचं सुलट झालं होतं. त्यांनी बायकोला सगळं सांगून टाकलं, खोकल्यासकट. देवकाबाई इतक्या हसल्या की त्यांना ताटावरून उठावं लागलं. गुरुजींना राग आला, पण मनावरचा निम्मा भार उतरला हेही खरं होतं.

उरलेला निम्मा आषाढात वाढून परत आला. रोवणीची वेळ आली आणि घराघरांत भांडणं लागली. पुरुष म्हणत डाव्या हातानं रोवा, बाया म्हणत आम्ही उजव्या हातानं रोवताना पाहिलं. दोघांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळं कुणीच माघार घेईना. एका घरात तीन दिवस चूल वेगळी झाली. शेवटी सगळे निवाडा मागायला गुरुजींकडे आले. खरं एका वाक्यात सांगता आलं असतं. पण त्या वाक्याला घासलेले दाते चिकटले होते, दात्यांना पेटी आणि पेटीला नऊ दाखले. गुरुजी म्हणाले, “पाटलांच्या सडकेवरच्या भाताच्या बांधीत अर्धं असं रोवा, अर्धं तसं रोवा. पीक सांगेल.”

हा निवाडा सर्वांना फार शहाणपणाचा वाटला. अडचण एकच निघाली. रोवणी त्या भागात बायांचं काम, पुरुष नांगर धरणार, चिखल करणार, पऱ्ह्यांच्या पेंढ्या वाहून आणणार, पण वाकून रोवणार नाहीत. आणि बायांनी तर डावा हात लावायला साफ नकार दिला. सुगंधाबाई म्हणाली, “तुमाले डावा हात पायजे ना, मंग तुमीच रोवा बाबू.”

पुरुषांची अब्रूच पणाला लागली. दुसऱ्या दिवशी पाटलांसकट चौदा पुरुष धोतर खोचून चिखलात उतरले आणि डाव्या हातानं रोवणी करू लागले. आजूबाजूच्या तीन गावांतले लोक ते बघायला सडकेवर येऊन उभे राहिले. कुणाची ओळ पूर्वेला निघाली, कुणाची पाटलांच्या पायाशी येऊन थांबली. लटारू दोनदा पालथा पडला आणि दोन्ही वेळा राजासारखा उठला. बायांनी आपला अर्धा भाग दुपारपर्यंत दोरीसारखा सरळ रोवून संपवला आणि त्या बांधावर बसून शिदोरी खात उरलेला खेळ बघत राहिल्या.

नेमकी त्याच वेळी शेतकी साहेबांची जीप आली. साहेब उतरले. आधी चिखलातल्या पुरुषांकडे पाहिलं, मग बायांच्या ओळींकडे. गुरुजी पुढं झाले. आता सगळं बाहेर येणार, नऊ वर्षांचं सगळं. साहेबांनी विचारलं की या ओळी इतक्या सरळ कशा, आणि त्या इतक्या वाकड्या कशा. कुणी काही बोलायच्या आत सुगंधाबाई म्हणाली, “साहेब, आमी पडद्याच्या मांगून पाह्यलो. हे समोरून पाह्यले.”

गुरुजींनी डोळे मिटले. उघडले तेव्हा साहेब खिशातली वही काढून भराभर लिहीत होते. त्यांनी गुरुजींचा हात हातात घेऊन दाबला आणि म्हणाले की प्रचाराच्या कामात इतका नवा विचार मी कुठं पाहिला नाही. पुरुषही रोवणीला उतरले याचंही त्यांनी फार कौतुक केलं. गुरुजी काही सांगायला गेले, तोवर जीप निघाली होती. मागं वळून पाहिलं तर देवकाबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

पीक बरं आलं. बायांच्या भागात जरा जास्तच आलं. पुरुषांच्या भागातही आलं, कारण भाताला हात कळत नाहीत. गाव खूष होतं, गुरुजी खूष होते, फक्त मधूनच एखाद्या दुपारी जीपचा आवाज आल्यासारखा वाटून ते दचकत.

कार्तिकात परिपत्रक निघालं. ‘अनुभवान्ती असे दिसून आले आहे की यंत्राकडे पाहून प्रेक्षकांचे चित्त विचलित होते. सबब यापुढे सर्व केंद्रांवर प्रेक्षकांना पडद्याच्या मागील बाजूस बसविण्यात यावे.’ खाली सावरटोलीचं नाव आदर्श म्हणून दिलं होतं. गुरुजींनी ते चुलीपाशी बसून वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.

मग बाबुलाल मास्तर आले. ते पलीकडच्या मोठ्या गावचे हेडमास्तर, नुकतंच त्यांच्या शाळेला नवं कोरं बोलकं यंत्र मिळालं होतं. बिचारे सायकलनं चौदा मैल आले होते. त्यांनी परिपत्रकाप्रमाणे सगळ्यांना पडद्यामागे बसवलं, आणि सगळी अक्षरं उलटी दिसली, शेतकरी डाव्या हातानं रोवू लागला. आवाज मराठी आणि अक्षरं कुठली, म्हणून लोकांनी खेळ बंद पाडला. आदर्श केंद्र म्हणून ते गुरुजींना विचारायला आले होते की तुम्ही नेमकं काय केलं.

देवकाबाईंनी चहा आणून ठेवला आणि तिथंच उभ्या राहिल्या. गुरुजींनी त्यांच्याकडे पाहिलं. उत्तर देणं सोपं होतं. थोडं खोकलं असतं तरी चाललं असतं. पण समोरचा माणूस चौदा मैल सायकल मारून आला होता, त्याचं धोतर साखळीत अडकून फाटलं होतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर वैशाखातली गुरुजींचीच काळजी होती. गुरुजींचं मन भरून आलं. त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. न उघडलेली पेटी सांगितली, नऊ दाखले सांगितले, ‘उत्तम’ हा शब्द सांगितला, पुसलेली फुली सांगितली, पलटी फीत सांगितली. शेवटी म्हणाले, “तुमचं यंत्र चांगलं आहे मास्तर. लोकांना समोर बसवा, सगळं सुलट दिसेल. घोटाळा माझा आहे. वाटल्यास कचेरीला तसं कळवा, मी नाकारणार नाही.”

तेवीस वर्षांत इतकं हलकं त्यांना कधी वाटलं नव्हतं. होईल ते होईल, म्हणून ते ताठ बसले.

बाबुलाल मास्तरांनी चहा संपवला आणि कप खाली ठेवला.

“ते सगळं खरं असंल, गुरुजी,” ते म्हणाले, “पन समोर कसं बसवू? परिपत्रक तं मांगं बसवा म्हनून निघालं ना.”